स्टँप पेपरवर सही करण्याआधी

प्रश्न : आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत राहतो. माझे यजमान (वय ४०) टॉवेलच्या एका ब्लीचिंग-डाइंग कारखान्यात ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून कामाला होते. गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री टँकरमधला माल चुकीच्या टाकीत उतरवला गेला आणि ब्लीचिंग पावडरसारख्या उग्र वासाचा पिवळट धूर आमच्या गल्लीपर्यंत आला. यजमान आत होते. सासूबाई (६६) पाच दिवस दवाखान्यात होत्या. आठ वर्षांच्या मुलीला तेव्हापासून खेळताना धाप लागते. चौदा महिने झाले, यजमानांचा खोकला थांबत नाही, जिना चढवत नाही आणि काम सुटले आहे. दवाखान्याच्या कागदावर फक्त 'ब्राँकायटिस' लिहिले आहे. एका डॉक्टरांनी टीबीची औषधे सुरू करू असे म्हटले. ठेकेदार पगार हातात द्यायचा, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतो असे म्हणायचा, पण कार्ड कधी दिले नाही. आता तो वीस हजार रुपये देतो आहे आणि 'यापुढे आमची काही मागणी नाही' असे पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहून मागतो आहे. सासूबाई विड्या वळायच्या, म्हणून त्यांचा दमा जुनाच, असे त्याचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर :

ताई, सही करू नका. घरात मिळवते कोणी नसताना वीस हजारांना नाही म्हणणे किती जड जाते याची मला कल्पना आहे, म्हणून एवढेच सांगतो की पैसे घ्यावेच लागले तर साध्या पावतीवर 'तात्पुरती मदत म्हणून, सर्व हक्क राखून' असे शब्द लिहून घ्या आणि त्या पावतीची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. यजमानांना लागू होणाऱ्या १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७नुसार कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, आणि रकमेची तडजोड झाली तरी ती त्या कायद्याखालच्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते. त्यामुळे ठेकेदाराच्या त्या कागदाला तो भासवतो तेवढे वजन नाही. मात्र हे संरक्षण कामगारापुरते आहे. सासूबाईंनी किंवा मुलीच्या वतीने तुम्ही केलेली सही पुढे तुमच्याच दाव्याच्या आड येऊ शकते, म्हणून घरातल्या कोणीही सही करायची नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत अधिक खटकलेली गोष्ट म्हणजे चौदा महिन्यांच्या कागदांत 'वायू' हा शब्द एकदाही आलेला नाही. अशा प्रकरणांत आजार खरा असतो, अपघातही खरा असतो. दोहोंना जोडणारी ओळ मात्र कोणी लिहून ठेवलेली नसते आणि दावा तिथेच अडतो. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे साडेपाच लाखांहून अधिक लोकांना भरपाई मंजूर झाली, पण त्यांतल्या बहुसंख्यांच्या दुखापतीवर 'तात्पुरती' असा शिक्का बसला आणि पहिल्या वाटपात हाती आले सुमारे पंचवीस हजार रुपये. आयुष्यभर धाप लागणाऱ्या माणसाकडे ती धाप त्या रात्रीची आहे हे सांगणारा कागद नव्हता. तुमचा अपघात त्या मानाने लहान आहे, पण कागदाचा हिशेब तोच आहे.

त्यामुळे आधी वैद्यकीय बाजू पाहू. टॉवेल-चादरी पांढऱ्या करण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात आणि ते ॲसिडच्या टाकीत पडले, किंवा ॲसिड त्याच्या टाकीत पडले, तर क्लोरीन वायू सुटतो. वास, रंग आणि चुकीच्या टाकीत उतरलेला माल हे तुम्ही केलेले वर्णन त्याच्याशी जुळते. क्लोरीन श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावर पोचला की त्याचे आम्ल बनते आणि ते अस्तर भाजून निघते. बहुतेक लोक काही दिवसांत वा आठवड्यांत बरे होतात, पण काहींच्या श्वासनलिका त्यानंतर दम्याच्या रुग्णासारख्या चिडखोर होऊन बसतात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात रिॲक्टिव्ह एअरवेज डिसफंक्शन सिंड्रोम म्हणतात आणि १९८५पासून तिच्या खुणा ठरलेल्या आहेत : आधी श्वसनाचा आजार नसणे, एकदाच मोठ्या प्रमाणात वायू छातीत जाणे, चोवीस तासांच्या आत त्रास सुरू होणे आणि तो किमान तीन महिने टिकणे. यजमानांच्या बाबतीत तुमच्या पत्रातले वर्णन या खुणांशी जुळते, दवाखान्याच्या कागदावर मात्र त्यांतली एकही नाही.

म्हणून सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या छाती विभागात जाताना तोंडी सांगण्यावर विसंबू नका. एका कागदावर तारीख, वेळ, वासाचे वर्णन, कोण टाकीपासून किती अंतरावर होते, जागा बंद होती की उघडी, किती मिनिटे थांबावे लागले, पहिला खोकला किंवा उलटी केव्हा झाली आणि शेजारच्या आणखी कोणाला त्रास झाला, हे लिहून न्या आणि केसपेपरवर 'अमुक तारखेला वायूच्या संपर्कानंतर सुरू झालेला त्रास' अशी पूर्वेतिहासाची नोंद करण्याची विनंती करा. काही डॉक्टर कोर्टकचेरीच्या भीतीने ही ओळ लिहायला कचरतात. अशा वेळी त्यांना नम्रपणे सांगा की कोणाला दोषी ठरवायला तुम्ही सांगत नाही, रुग्णाने जे सांगितले तेच लिहायला सांगता आहात. साध्या एक्स-रेवर थांबू नका, कारण या आजारात तो बहुधा स्वच्छ येतो आणि मग तोच 'काही नाही' याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेची तपासणी, जिला पीएफटी म्हणतात, ती पंपाच्या औषधाआधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा व्हायला हवी आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा करायला हवी. गरज वाटल्यास डॉक्टर एचआरसीटी, म्हणजे छातीचा तपशीलवार सीटी स्कॅन, सांगतील. त्यात श्वास सोडलेल्या स्थितीतली चित्रेही घेता येतील का, हे विचारा, कारण बारीक नलिकांत अडकलेली हवा तिथेच दिसते.

टीबीच्या औषधांबद्दल एवढेच सांगतो की थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती आधी करून घ्या, जंतू सापडले तर एक दिवसही न दवडता औषधे घ्या, आणि न सापडल्यास केवळ खोकला लांबला या कारणावर सहा महिन्यांची औषधे का, हे छाती विभागातच विचारा.

एक गोष्ट स्वतः पाहिलेली सांगतो. काही वर्षांपूर्वी कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात एक निवृत्त साचेवाले, म्हणजे मागावर काम केलेले, मामा भेटले होते. साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी दहा-बारा वर्षांचे सगळे दवाखान्याचे कागद जपून आणले होते. पण तपासणीच्या पट्ट्या त्या चकचकीत, उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावरच्या होत्या आणि पत्र्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत सोलापूरचे इतके उन्हाळे काढल्यावर त्यांवर फिकट राखाडी डागांखेरीज काहीही उरले नव्हते. आमच्या वकिलांनी एकेक पट्टी खिडकीशी धरून पाहिली आणि घडी घालून परत दिली. तेव्हा पीएफटीची किंवा ईसीजीची पट्टी हाती पडेल त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही घ्या.

जुन्या दवाखान्याकडून पूर्ण केसपेपर लेखी अर्जाने मागवा. २००२च्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार रुग्णाने मागितलेले कागद डॉक्टरांनी बहात्तर तासांत द्यायचे असतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ते जपून ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक असते. दाखल करून घेताना लिहिलेला पहिला कागद डिस्चार्ज कार्डापेक्षा मोलाचा असतो. 'गॅस', 'धूर', 'वास' असे काही घाईत लिहिलेले असेल तर ते तिथेच सापडेल.

दुसरा पुरावा सरकारी दप्तरात आहे. त्या रात्री अग्निशमन दलाला वर्दी गेली असेल तर तिची नोंद, १०८ रुग्णवाहिकेची नोंद, पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीतली नोंद, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाचा पाहणी अहवाल आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अपघात-चौकशी अहवाल, हे सर्व माहिती अधिकारात मागता येते. प्रत्येक कार्यालयाला वेगळा अर्ज द्या, एका अर्जात एकच विषय ठेवा आणि दीडशे शब्दांची मर्यादा पाळा, कारण आपल्या राज्याच्या नियमांत ती आहे आणि नेमक्या त्याच कारणाने अर्ज परत येतात. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. कोणता वायू होता याचे उत्तर कारखान्याने नाही दिले तरी या कागदांतून मिळेल.

आता हक्कांकडे वळू. तुमच्या एकाच घरात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत : यजमान कामगार म्हणून एका कायद्याखाली येतात, तर सासूबाई, मुलगी आणि तुम्ही शेजारी म्हणून दुसऱ्या. मुदतीही वेगळ्या आहेत आणि यजमानांची जवळ आली आहे.

यजमानांसाठी पहिले काम म्हणजे ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधार कार्ड घेऊन जाणे आणि त्यांच्या नावाने विमा क्रमांक निघालेला आहे का, हे पाहणे. मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखान्याला योजना लागू असेल, तर ठेकेदाराने पैसे भरले नाहीत म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. न भरलेली रक्कम ईएसआय महामंडळ मालकाकडून वसूल करते. कामावरच्या इजेसाठी आधी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. काम करता न आलेल्या काळासाठी सुमारे ९० टक्के वेतन मिळते, आणि इजा कायमची ठरल्यास वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्यानुसार दरमहा लाभ मिळतो. मधल्या काळाच्या लाभासाठी तुम्हाला उशीर झाला आहे हे खरे आहे, परंतु उशिराचे कारण लिहून अर्ज दिलाच पाहिजे. तुम्हाला कार्डच दिले गेले नव्हते, हे कारण पुरेसे बोलके आहे.

ईएसआय लागूच नव्हते असे निघाले, तर कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, दावा करावा लागेल. हा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण तुमचा अपघात त्याआधीचा असल्यामुळे जुन्याच कायद्याची दोन वर्षांची मुदत धरून चाला, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम दहा महिने उरले आहेत. ठेकेदार हात वर करील. तरी कलम १२नुसार मूळ कारखानदारही जबाबदार असतो, म्हणून दाव्यात दोघांची नावे घाला. वीस हजारांचा मोह किती महागात पडू शकतो ते आकड्यांतच पाहा. पगार १३,००० धरला तर त्याचे ६० टक्के म्हणजे ७,८०० होतात, चाळीस वर्षांच्या माणसासाठी कायद्याच्या तक्त्यातला गुणक १८४.१७ आहे, त्यामुळे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १४,३६,५२६ रुपये येते, आणि डॉक्टरांनी कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे प्रमाणित केले तर ४,३०,९५८ रुपये. रक्कम थकवल्यास त्यावर १२ टक्के व्याज लागते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च त्याखेरीज मिळतो, म्हणून औषधांच्या दुकानातली बिले नावानिशी घेत जा.

सासूबाई आणि मुलीसाठी १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. हा कायदा कामगारांना सोडून बाकीच्यांसाठी आहे, त्यात कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत करायचा असतो. मूळ तक्त्यात मृत्यूसाठी अवघे पंचवीस हजार रुपये होते. त्या रकमा नंतर वाढवल्या आहेत, तरी हा दिलासा तातडीचा आहे, पूर्ण भरपाई नव्हे. शिवाय ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक घातक रसायन हाताळणाऱ्या कारखान्यालाच तो लागू होतो आणि लहान डाइंग युनिट त्याच मुद्द्यावर निसटू पाहते.

तसे झाले तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे २०१०च्या कायद्याच्या कलम १५खाली भरपाईचा अर्ज करता येतो. त्याची मुदतही पाच वर्षांची आहे, आणि आजारपण, बुडालेली मजुरी व उपचारखर्च हे सारे त्यात मागता येते. तिथेही 'आमची चूक नव्हती' हा बचाव चालत नाही. घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, हे तत्त्व दिल्लीतल्या १९८५च्या ओलियम गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच घालून दिले आहे. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी स्टायरीनची गळती झाली तेव्हा याच न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला लावले होते. आजारी पडलेल्या शेजाऱ्यांनी एकत्र अर्ज केला तर तो अधिक भक्कम होतो, म्हणून त्या रात्री ज्यांना त्रास झाला त्यांची घरे एकदा फिरून या.

आता विड्यांविषयी. तंबाखूच्या धुळीने छाती खराब होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, आणि लपवलीत तर तुमच्या बाकीच्या सांगण्यावरही संशय येईल. परंतु आधी नाजूक असलेली छाती वायूने आणखी बिघडली, तर त्या बिघाडाची जबाबदारी वायू सोडणाऱ्याचीच असते. समोरचा माणूस धडधाकट नव्हता, ही सबब कायद्यात चालत नाही. सासूबाईंकडे विडी कामगार ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या दवाखान्यातले त्यांचे जुने कागद काढा. श्रावणाआधी त्या किती वेळा छातीसाठी गेल्या आणि नंतर किती वेळा, हा फरक तारखांनिशी मांडला की ठेकेदाराचा मुद्दा तुमच्याच बाजूने बोलू लागेल.

वकिलाच्या खर्चासाठी अडून राहू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून १९८७च्या कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीचे बळी यांना मोफत वकील मिळतो. तुमच्या घरातली प्रत्येक व्यक्ती यांतल्या एका तरी रकान्यात बसते. दाखल होऊन उपचार घ्यावे लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजचे पंप त्यात बसत नाहीत, त्यासाठी सिव्हिलच बरे.

मुलीचे शेवटी लिहितो आहे, पण तिचे काम आधी करा. आठ वर्षांचे मूल पीएफटी नीट देऊ शकते, फक्त एका दमात जोर लावून फुंकायचे आहे हे तिला आधी कळायला हवे. घरी दोन-चार दिवस हातभर अंतरावरची मेणबत्ती एका फुंकरीत विझवायला लावा, म्हणजे तिथे नाकाला चिमटा लावल्यावर ती बिचकणार नाही. अहवालावर तिचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख बरोबर पडली आहे ना, हे खिडकीवरच तपासा, आणि तो सासूबाईंच्या पिशवीत न टाकता तिच्या नावाची वेगळी फाइल करा, कारण तिच्या छातीची तपासणी पुढची कित्येक वर्षे होत राहणार आहे आणि दर वेळी डॉक्टर आधीचा आकडा मागणार आहेत.